जंगल दाखवणाऱ्याची प्रकृती

मार्च महिन्यातली गोष्ट. भिऱ्याकडचा एक तरुण दवाखान्यात आला. "काय होतंय?" विचारले, तर तोंड उघडले पण आवाजाऐवजी नुसती हवा बाहेर आली. ताप नाही, गिळताना दुखत नाही, विडी-तंबाखूची सवय नाही. हातवारे करत, कुजबुजत त्याने सांगितले ते असे : देवकुंडाकडे येणाऱ्या पर्यटकांना वाट दाखवण्याचे काम तो करतो. सुट्टीच्या दिवशी दोन-दोन फेऱ्या होतात. एका फेरीत वीस-पंचवीस माणसे. पुढच्याला ऐकू जावे आणि मागच्यालाही, म्हणून सगळे ओरडून सांगायचे. "दिवसात पाणी किती पितोस?" असे विचारल्यावर तो ओशाळून हसला. "बाटली असते डॉक्टर, पण ती पाहुण्यांनाच लागते."

वाचकहो, या एका वाक्यामुळे आजचा लेख लिहावासा वाटला. जंगलात आपल्याला सांभाळून नेणाऱ्या माणसाला कोण सांभाळते?

हे काम आहे तरी काय?

महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान ताडोबा. ते १९५५ साली जाहीर झाले. आपल्याला सर्वांत ओळखीचे म्हणजे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. अशा ठिकाणी पर्यटकांबरोबर फिरून झाड, पक्षी, ठसे, वारूळ समजावून सांगणारा निसर्ग मार्गदर्शक असतो. आपल्या रायगड जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, पण अभयारण्ये आहेत. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ चे, मुरूड-रोह्याकडचे फणसाड १९८६ चे आणि माणगावहून पुण्याला जाताना लागणारे ताम्हिणीचे २०१३ चे. शिवाय देवकुंडासारख्या ठिकाणी गावातलीच मुले वाटाडे म्हणून काम करतात. नाव काहीही असो, काम एकच : परक्या माणसाला जंगल दाखवायचे, समजावायचे आणि धडधाकट परत आणायचे.

अमेरिकेतल्या फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली या कामावर एक पुस्तक लिहिले. ते आजही या विषयातले मूळ पुस्तक मानले जाते. नुसती माहिती देणे म्हणजे निसर्ग समजावणे नव्हे, हा त्याचा गाभा. वैद्यकाच्या बाजूने मी त्यात एवढीच भर घालीन की, हे काम फक्त डोळ्यांचे आणि जिभेचे नाही. ते घशाचे आहे, पायांचे आहे आणि प्रसंगी दुसऱ्याचा जीव वाचवण्याचे आहे. जंगलात डॉक्टर नसतो. अपघातानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे या वाटाड्याच्याच हातात असतात.

घसा : खरे भांडवल

आपल्या घशात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांवर आपटतात. ओरडताना हा आघात वाढतो. घसा कोरडा असेल तर आणखी वाढतो. तंतू सुजतात आणि आवाज बसतो. तरीही ओरडत राहिले तर तंतूंवर घट्ट्यासारख्या गाठी येतात. शिक्षक आणि फेरीवाले यांनाही हाच त्रास होतो.

यावर औषधापेक्षा शिस्त उपयोगी पडते. चालता चालता बोलू नये. थांबावे, सगळ्यांना अर्धगोलात उभे करावे आणि मग नेहमीच्या आवाजात सांगावे. धबधब्याजवळ गेल्यावर व्याख्यान नको, जे सांगायचे ते अलीकडेच सांगून घ्यावे. दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी प्यावे. सारखे खाकरू नये. आवाज बसलाच तर दोन-तीन दिवस मौन पाळावे. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही तंतूंवर ताण येतो. तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. तंबाखू खाणाऱ्याने तर मुळीच दिरंगाई करू नये.

कोकणातले ऊन

समुद्र जवळ म्हणून आपल्याकडे उष्माघात होत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. २०१७ च्या मार्चअखेर आपल्याच तालुक्यातल्या भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाल्याची बातमी देशभर गाजली होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी अनेकांचा जीव गेला. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही. घाम सुकला नाही की शरीर थंड होत नाही. त्यामुळे पारा कमी दिसला तरी धोका कमी नसतो.

पाणी तहान लागण्याआधी प्यावे. घाम फार येत असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठही जाते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) हे घरचे पेय चांगले. मीठ घातलेले कोकम सरबत, ताक, पेज हीसुद्धा आपली जुनी औषधेच. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे, असे समजावे.

डोके दुखणे, मळमळ, गोळे येणे ही उन्हाची पहिली खूण. लगेच सावलीत थांबावे. पण माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले तर तो उष्माघात. तेव्हा पाणी पाजण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तापाची गोळी इथे काम करत नाही.

पाय, चिखल आणि गोचीड

पावसाळ्यात वाटाड्याचे पाय दिवसभर ओले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या चिरांतून रोगजंतू आत शिरतात. उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो असाच. ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि "मी चिखलपाण्यात काम करतो" हे आपणहून सांगावे. घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करणे, मोज्यांचा दुसरा जोड ठेवणे, जखमेवर पट्टी बांधूनच पाण्यात उतरणे एवढ्याने बरेच टळते.

जळू लागली तर घाबरू नये. नखाने कडेने सरकवून ती सोडवावी आणि जागा साबणाने धुवावी. गोचीड मात्र चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तिला जाळू नये, चिरडू नये. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून दिसलेला माकडताप गोचिडींमधूनच पसरतो. झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफसही असतो. त्यात चाव्याच्या जागी काळी खपली दिसते. काखेत, जांघेत ती लपून राहते. वेळेवर ओळखला तर हा ताप साध्या औषधाने बरा होतो. जंगलातून आल्यावर अंघोळ करताना सगळे अंग नीट पाहावे, ते यासाठीच.

विंचू आणि साप

विंचवाचे नाव काढले की शेजारच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले डोळ्यांदेखत जात होती. रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून त्यांनी पाहिले की, विष हृदयाला थकवते आणि फुप्फुसात पाणी भरते. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा त्यांनी उपयोग केला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांचे हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वाटाड्याने यातून घ्यायचे ते एवढे : दंशानंतर नुसतीच आग होत असेल तर धोका सहसा कमी. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, धडधड हे दिसू लागले तर एक क्षण दवडू नये. गोळी डॉक्टरांनीच द्यायची असते. मंत्र, बिब्बा, चिरा यांत वेळ गेला की औषध असूनही उपयोग होत नाही.

सापांचेही तसेच. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप. कोकणातल्या जांभ्या दगडांत फुरसे फार. सरकारी रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस या चारांवर चालते. झाडीतला हिरवा चापडा त्यात बसत नाही, पण त्याच्या दंशाने माणूस दगावणे विरळा. तरीही त्या दंशानंतर रुग्णालयात जावेच.

दंश झाला तर माणसाला बसवावे, धीर द्यावा, चालवू नये. अंगठी, पैंजण, घड्याळ काढावे. हात किंवा पाय काठी लावून, हाड मोडल्यावर बांधतो तसा, हलणार नाही असा ठेवावा. आवळून दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. वेळ लिहून ठेवावी आणि उचलून न्यावे. मण्यारीच्या दंशाचे एक लक्षात ठेवा. तो बहुधा रात्री होतो आणि खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. रानात मुक्कामाला मच्छरदाणी नीट खोचून झोपावे ते डासांसाठी आणि मण्यारीसाठीही.

पाणी आणि कडा

आपल्या भागात जनावरांपेक्षा जास्त बळी पाणी आणि निसरडे कडे घेतात. २०२४ च्या जुलैमध्ये कुंभे धबधब्याजवळ दरीत पडून एका पर्यटकाचा जीव गेला, हे माणगावकर विसरलेले नाहीत. पावसाळ्यात अशा ठिकाणी बंदी घातली जाते, तेव्हा वाटाड्यांचा रोजगार बुडतो हे खरे. पण बंदीच्या दिवशी चार पैशांसाठी मागल्या वाटेने नेलेला पाहुणा परत आला नाही तर तो भार जन्मभर वाहावा लागतो.

कोणी बुडत असेल तर आधी दोरी किंवा बांबू टाकावा, उडी शेवटी. बाहेर काढल्यावर उलटे धरून पोट दाबण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. ती सोडून द्या. त्याने पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते. श्वास बंद असेल तर उताणे झोपवून तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाबत राहावे. दर तीस दाबांनंतर दोन श्वास. हे वाचून येत नाही, एकदा शिकूनच घ्यावे लागते.

निघण्यापूर्वी चार प्रश्न

त्या तरुणाला मी औषधाबरोबर एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले. प्रत्येक फेरीआधी पाहुण्यांना विचारायचे : कुणाला हृदयाचा त्रास किंवा दमा आहे का? कुणाला साखर आहे, आणि सकाळी काही खाल्ले आहे का? रोजची औषधे बरोबर आहेत का? कुणी दारू घेतली आहे का? पहिल्या दोनांचे उत्तर 'हो' आले तर चाल मंद ठेवायची आणि त्या माणसाला आपल्या पाठोपाठ घ्यायचे. साखरेच्या रुग्णाला घाम सुटून चक्कर आली आणि तो शुद्धीवर असला तर लगेच साखर किंवा गूळ द्यायचा. औषधे विसरलेली असतील तर ती घेऊनच निघायचे. चौथ्याचे उत्तर 'हो' आले तर फेरी रद्द, मग पाहुणा कितीही मोठा असो.

कागदाखाली पाचवी ओळ मी त्याच्यासाठी लिहिली : "दोन बाटल्या न्याव्यात. एक पाहुण्यांची, एक माझी."

पर्यटकांनाही सांगणे आहे. वाटाड्याने थांबा म्हटले की थांबा. त्याला हळू बोलू द्या, त्याच्याभोवती जवळ उभे राहा. आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींना विनंती की, हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस काढून या मुलांना प्रथमोपचार शिकवण्याची व्यवस्था करावी. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावले तर ते नाही म्हणणार नाहीत, असे वाटते.

पंधरा दिवसांनी तो तरुण पुन्हा आला. आवाज जवळजवळ पूर्ववत झाला होता. "आता थांबून सांगतो," म्हणाला, "आणि डॉक्टर, गंमत म्हणजे लोक आता जास्त ऐकतात."