बोटातला विसार

याद्यांवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या, कागदाला हळदकुंकू लागलं, मुलीची ओटी भरून हातात साखरेचा पुडा ठेवला, की मराठी घरात लग्न ठरलं. अंगठी या विधीत तशी उशिरा आली. आणि आली ती एवढ्या थाटात, की आता साखरपुड्याच्या फोटोत साखर शोधावी लागते.

ज्या युरोपातून ही अंगठी आली, तिथेही तिचं मूळ काम प्रेमाची कबुली देण्याचं नव्हतं. जमिनीच्या सौद्यात विसार द्यावा, तशी ती दिली जाई. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की वाग्दत्त वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवतात. इ.स. 866 मध्ये बल्गेरियाच्या राजाने पोप पहिले निकोलस यांना लग्नविधींबद्दल विचारलं. पोपनी लिहिलेल्या उत्तरातही वर वधूच्या बोटात अंगठी घालतो ती विसारादाखलच.

हिऱ्याच्या अंगठीचं गाजलेलं उदाहरण 1477 चं. बर्गंडीची मेरी वीस वर्षांची; वडील जानेवारीत लढाईत पडलेले, आणि फ्रान्सचा राजा तिच्या मुलखावर टपलेला. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने तिला हिऱ्याची अंगठी दिली आणि ऑगस्टमध्ये गेंटला लग्न उरकलं. घाई होती ती राजकारणाला. युरोपात तेव्हा हिरे जात ते मुख्यतः भारतातून, त्यामुळे ही चैन राजेरजवाड्यांनाच परवडे.

1867 नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि अडचण उलटी झाली: माल इतका निघाला, की भाव टिकवायचा कसा? 1888 मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्सने पुरवठा मुठीत ठेवला. पण महामंदीने गिऱ्हाईकच पळवलं. 1938 मध्ये कंपनीने न्यूयॉर्कला एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात संस्थेचं दार ठोठावलं. तिथल्या फ्रान्सिस गेरेटी यांनी 1947 मध्ये लिहिलेलं ‘अ डायमंड इज फॉरेव्हर’ हे वाक्य आजही चालतं. बाईंनी स्वतः लग्न केलं नाही. वाक्यातली खरी हुशारी व्यापारी होती: जी वस्तू जन्मभराची, ती कोणी मोडीत काढत नाही, आणि जुने हिरे बाजारात येऊन भाव पाडत नाहीत.

सगळं श्रेय जाहिरातीला देणं मात्र मार्गारेट ब्रिनिग या कायद्याच्या अभ्यासक मान्य करत नाहीत. लग्नाचं वचन मोडणाऱ्या पुरुषावर अमेरिकेत पूर्वी दावा लावता येई. 1935 मध्ये इंडियानाने ही सोय रद्द केली, पाठोपाठ इतर काही राज्यांनीही. ब्रिनिग यांनी 1990 च्या निबंधात दाखवलं, की हिऱ्याच्या अंगठ्यांची मागणी जाहिरातीच्या आधी, याच सुमारास वाढू लागली होती. कोर्टाची हमी गेली, तेव्हा मुलींनी ती बोटात मागून घेतली. जाहिरातीच्या गोष्टीपेक्षा हे जास्त पटतं. कारण नुसत्या जाहिरातीने काय होतं, ते सराफांनी 1926 मध्येच पाहिलं होतं. पुरुषांसाठी वाङ्निश्चयाच्या अंगठ्या त्यांनी ‘पायलट’, ‘स्टॅग’ अशा मर्दानी नावांनी विकायला काढल्या, आणि त्या पडूनच राहिल्या. आपल्याकडच्या नवरदेवाला ती सासऱ्यांच्या खर्चाने मिळते, तेव्हा इथे नावाचा प्रश्न आला नाही.

लग्न मोडलं तर अंगठी कोणाची? इंग्लंडच्या 1970 च्या कायद्याने ती बिनशर्त भेट धरली जाते. अट होती असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. मॅसॅच्युसेट्समध्ये टिफनीच्या 70 हजार डॉलरच्या एका अंगठीचा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लग्न कोणामुळे फिसकटलं हे पाहून अंगठीचा धनी ठरवायची तिथली रीत 1959 पासूनची. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने ती मोडीत काढली: दोष कोणाचाही असो, लग्न लागलं नाही तर अंगठी देणाऱ्याला परत.