पत्त्याएवढ्या कागदावर भेडाघाट

जबलपूरच्या सहलीत भेडाघाटला नावेत बसलो, तेव्हा आपल्या एका कॅडेटने ए-फोर आकाराचा कागद मांडीवर घेतला. नाव पंचवटी घाटाला परत लागली तरी कागदावर एका कड्याची अर्धी बाजूच झाली होती. तो इतका खट्टू झाला, की कागद नर्मदेत जाऊ नये म्हणून मीच तो मागून घेतला. हा लेख खरे तर त्याच्यासाठी आहे.

चूक हाताची नव्हती, आकाराची होती. खेळायच्या पत्त्याएवढा कागद घ्या, साधारण 6 बाय 9 सेंटिमीटर. त्याचे क्षेत्रफळ 54 चौरस सेंटिमीटर. ए-फोरचे सुमारे 624, म्हणजे साडेअकरा पट! रंगीत पेन्सिलीचे टोक बारीक, आणि एक छटा नीट यायला हलक्या हाताने चार-पाच थर द्यावे लागतात. प्रवासात तेवढा वेळ पत्त्यालाच मिळतो.

सामान खिशात मावते. जाड, गुळगुळीत कार्डाचे तुकडे, पाठीशी पुठ्ठा, सात-आठ पेन्सिली आणि डबीचे शार्पनर, म्हणजे बर्थवर भुसा सांडत नाही. पेन्सिली रुमालात गुंडाळा. पडलेल्या पेन्सिलीचे शिसे आतल्या आत तुटते आणि मग तासाल तितक्यांदा टोक गळून पडते. पालकांनी महागडा संच घ्यायची गरज नाही.

भेडाघाटचा संगमरवर पांढरा म्हणतात, पण नुसता पांढरा तो कुठेच नाही. उन्हात पिवळसर, सावलीत निळसर-करडा. म्हणून पांढरी पेन्सिल विसरा. जिथे ऊन पडले आहे तिथे कागद कोरा सोडा आणि फक्त सावल्या रंगवा. काळ्या रंगाने कपार मेल्यासारखी दिसते. त्याऐवजी गडद निळ्यावर तपकिरी चढवा. फिकट रंग आधी, गडद नंतर. सुरुवातीलाच दाबून घासलेत तर कागदाचा दाणा भरतो आणि पुढचा थर बसतच नाही. मेणाचा रंग रबराने पूर्ण निघतही नाही.

धुवांधारच्या पाण्याला एक युक्ती आहे. शाई संपलेल्या बॉलपेनने पाण्याच्या धारा कोऱ्या कागदावर आधीच दाबून ओढा. वरून पेन्सिल आडवी धरून फिरवली, की रंग त्या खाचांत उतरत नाही आणि केसाएवढ्या पांढऱ्या रेषा राहतात. पत्त्याएवढ्या चित्रात एवढी बारीक रेघ सोडून रंगवणे हाताने जमणारे नाही.

नावेत मात्र रंगवूच नका. देखावा सतत बदलतो. बाह्यरेषा काढा, सावलीची बाजू खुणेने दाखवा, रंगांची नावे शब्दांत टिपा. बाकी काम गाडीत. सैन्यातले फील्ड स्केच असेच असते: आधी क्षितिज, मग ठळक खुणा, मग टिपणे. कॅमेरा नव्हता तेव्हा ही विद्या इतकी मोलाची होती, की वूलिचच्या लष्करी अकादमीत 1768 मध्ये पॉल सँडबी या नामवंत चित्रकाराला चित्रकलेचा मुख्य शिक्षक नेमले होते.

परतीच्या गाडीत डाव्या खिडकीशी बसा. पिपरियाच्या आसपास सातपुड्याच्या रांगा दिसतात. गाडी हलत असताना करंगळी कागदावर टेकवून मोठे भाग भरा, बारीक काम स्टेशनावर गाडी थांबली की करा. एक सक्त सूचना: जबलपूर हे छावणीचे आणि आयुध कारखान्यांचे गाव आहे. छावणी, कारखाने, रेल्वेपूल यांचे स्केच काढायचे नाही, गंमत म्हणूनही नाही.

राज्यघटनेच्या उद्देशिकेचे पान सजवणारे ब्योहार राममनोहर सिन्हा याच जबलपूरचे. त्या पानाची नक्षी जवळून पाहा. कोपऱ्यात त्यांनी इवल्याशा अक्षरांत ‘राम’ अशी सही केली आहे.

तो अर्धवट कागद अजून माझ्याकडे आहे. त्यातला पत्त्याएवढा तुकडा कापून मी त्याच कॅडेटला दिला. गाडी इटारसीला पोहोचेपर्यंत त्याने तो पुरा केला आणि मागच्या बाजूला आईला चार ओळी लिहिल्या.