चाकोरीबाहेरची गाडी

ग्वाल्हेरला आलेला पाहुणा जयविलास राजवाडा पाहिल्यावाचून परत जात नाही, आणि राजवाडा पाहून आलेला पाहुणा तिथल्या चांदीच्या आगगाडीविषयी बोलल्यावाचून राहत नाही. भोजनगृहातील लांबलचक मेजावर रूळ टाकलेले आहेत, आणि त्यांवरून ही चिमुकली गाडी मद्याच्या सुरया घेऊन पंक्तीतील पाहुण्यांपुढून फिरत असे. माधवराव महाराजांना यंत्रांचा, विशेषतः रेल्वेचा, मोठा शौक होता. मेजावरच्या गाडीची थोरली बहीण म्हणजे ग्वाल्हेर लाइट रेल्वे. दोन फुटी रुळांवरून सुमारे दोनशे किलोमीटर धावत ती श्योपूरला पोहोचत असे. २०२० साली ती बंद झाली आणि तिच्या जागी रुंद रुळांचे काम हाती घेण्यात आले.

परंतु आज मला बोलावयाचे आहे ते रूळ नसलेल्या गाडीविषयी. ज्या गाडीला रूळ मिळाला तिचे निम्मे प्रश्न रूळ टाकणाऱ्याने आधीच सोडविलेले असतात. जिला सडकही नाही आणि चाकोरीही नाही, त्या गाडीला प्रत्येक हातभर जमिनीशी नव्याने बोलणी करावी लागतात. अशी एक गाडी माझ्या अकरा वर्षांच्या नातीने गेल्या वर्षी प्लॅस्टिकच्या विटांतून बांधली. बांधली, मोडली, पुन्हा बांधली. त्या खटाटोपात मी मदतनीस होतो. खरे सांगायचे तर काही काळ अडथळाच होतो.

ह्या विटांची कुळकथा थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमधील बिलुंड ह्या लहानशा गावी ओले किर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास घेतली. लेगो हे नाव त्या कारखान्याचे. प्लॅस्टिकच्या विटा तेथे १९४९ साली निघाल्या. त्यांची मूळ कल्पना मात्र इंग्लंडमधील हिलरी पेज ह्या खेळणीकाराची होती. पहिल्या विटा पोटात पोकळ असत आणि एकमेकींना नीट धरीत नसत. २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या रचनेच्या एकस्वासाठी अर्ज झाला तिच्यात विटेच्या पोटात नळ्या आल्या. खालच्या विटेवरच्या खुंट्या वरच्या विटेची भिंत आणि नळी ह्यांच्यामध्ये किंचित दाबल्या जाऊन बसतात. ती जराशी लवचीक चिमटच सारा डोलारा धरून ठेवते. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. एका खुंटीपासून दुसरीपर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या पट्टीची ३.२. ही तीन मापे कृपया लक्षात ठेवावी, पुढे त्यांचे काम पडणार आहे. १९७७ पासून ह्या पसाऱ्यात दातेरी चक्रे, दांड्या आणि भोके असलेल्या तुळया आल्या, आणि घरे रचणाऱ्या मुलांना यंत्रे रचता येऊ लागली.

खेळ महाग आहे हे कबूल केले पाहिजे. मोठा संच घ्यावयाचा तर मध्यम स्थितीतल्या घराला दोनदा विचार करावा लागतो. आमच्याकडे दोन जुने संच, एका शेजाऱ्याने दिलेला सुट्या तुकड्यांचा डबा आणि एक मोटार एवढेच भांडवल होते. छापील चित्र पाहून रचावयाचे नाही, आपली गाडी आपणच योजायची, हा नातीचा हट्ट त्या भांडवलातूनच जन्मला असावा.

कोणती गाडी, ह्यावर मात्र आमचे एकमत होते. माझे वडील जमीन-संधारणाच्या कामावर होते. चंबळेच्या खोऱ्यात पाण्याने कापलेल्या मातीचे जे अफाट जंजाळ पसरले आहे, ज्याला इकडे बीहड म्हणतात, त्यात त्यांची हयात गेली. कुठे पुरुषभर खोल, कुठे तीनचार मजली इमारत बुडेल इतक्या खोल घळी! लहानपणी एकदोनदा त्यांच्या खात्याच्या जीपमधून मी तेथे गेलो आहे. ती जीप माझ्या डोळ्यांसमोर अजून जशीच्या तशी आहे. कॅनव्हासचे छप्पर, पाठीशी टांगलेले जादा चाक, बाजूला अडकविलेले फावडे. महायुद्धासाठी अमेरिकेने घडविलेली ही गाडी १९४७ पासून मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जुळविली जाऊ लागली आणि आमच्या पिढीने जंगल, शेत आणि सरकार ही तिन्ही तिच्याच चाकांवर पाहिली.

आरंभ चाकापासून करावा, हे नातीला कोठून सुचले कोण जाणे, पण ते अगदी बरोबर होते. वीट हवी तेवढी लांब करता येते, टायर मात्र जो डब्यात आहे तोच. आमचा टायर ६२ मिलिमीटर व्यासाचा. जीपचा खरा टायर सुमारे २८ इंचांचा, म्हणजे ७११ मिलिमीटरांचा. भागाकार केला की साडेअकरा येतात. आता सगळी जीप साडेअकरांनी भागावयाची. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ८० इंच; ते झाले १७७ मिलिमीटर, म्हणजे बावीस खुंट्या. रुंदी ६२ इंच; ती आली सतरा खुंट्या. सतरा हा आकडा विषम आहे ह्याचा आम्हांला फार आनंद झाला. विषम रुंदीला नेमका मध्य असतो, आणि त्या मध्यातून मोटारीची शक्ती नेणारी दांडी सरळ जाऊ शकते. सम रुंदी आली असती तर एक खुंटी चोरावी तरी लागली असती किंवा उसनी घ्यावी तरी लागली असती.

पंधरा दिवसांत जीप उभी राहिली. मी जादा चाक लावून घेतले, छपराचा सांगाडा करवून घेतला, फावडेही बसवून घेतले. विजेच्या सहा घटांची पेटी मागच्या आसनाच्या जागी, चांगली उंच ठेवली, कारण तेथे ती झाकली जात होती. गाडी देखणी दिसत होती ह्यात शंका नाही. आमच्या लष्करातील घरासमोर बांधकामाचा मुरूम पडला होता. त्या ढिगावर ती चढविली. तिरपी झाली, क्षणभर थांबली, आणि छप्पर खाली चाके वर अशी कोसळली. पोरीच्या दोन आठवड्यांच्या श्रमाचे चाळीसएक तुकडे गोळा करताना मला तिच्याकडे पाहवेना. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, “आजोबा, तुम्ही म्हणालात म्हणून मी चाक वर लावलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही शास्त्राकडे वळलो. जेवणाचा एक पाट घेतला, त्यावर गाडी आडवी ठेवली, पाटाची एक कड हळूहळू उचलली आणि कंपासपेटीतील कोनमापकाला ओळंबा बांधून कोन मोजला. ३१ अंशांवर गाडी उलथली. ह्यामागचा हिशेब सोपा आहे. गाडीचे सगळे वजन एका बिंदूत साठले आहे असे माना. त्या बिंदूतून सोडलेला ओळंबा जोवर चाकांच्या आत पडतो तोवर गाडी उभी राहते. खालच्या चाकाच्या बाहेर गेला की संपले. आमच्या डाव्याउजव्या चाकांत अंतर १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून ५४. ३१ अंशांवर उलथते ह्याचा अर्थ तो भारबिंदू जमिनीपासून तब्बल ९० मिलिमीटर वर होता. घटांचे वजन एकूण सुमारे १४० ग्रॅम, आणि ते आम्ही माळ्यावर नेऊन ठेवले होते! घट खाली, दोन्ही आसांच्या मध्ये आणले. छप्पर गेले, फावडे गेले, आणि माझ्या मनाविरुद्ध जादा चाकही गेले. पाट पुन्हा उचलला, ४२ अंश.

ह्यात एक मेख आहे. वजन खाली आणावे तर पोट जमिनीला लागते. उंचवट्याच्या माथ्यावरून जाताना पुढची चाके पलीकडे उतरलेली, मागची अलीकडे, आणि पोट मधोमध अडकलेले, अशी गत होते. पेटी जमिनीपासून २० मिलिमीटरवर टांगली तेव्हा आमची गाडी जेमतेम २५ अंशांचा माथा ओलांडू शके. ३५ मिलिमीटरवर नेली तेव्हा ४३ अंशांपर्यंत मजल गेली. त्या जुन्या जीपची नाकाडी आखूड ठेवण्यामागेही असाच विचार आहे. पुढून सुमारे ४५ अंशांची चढण समोर आली तरी तिची चाके आधी टेकतात, नाक नंतर.

पडल्यावर गाडीचे तुकडे का झाले, हा निराळा प्रश्न. विटा दाबाला भक्कम आणि ओढीला दुबळ्या. त्यांना उभ्या तुळईने जखडावे लागते. पण तुळईची भोके ८ मिलिमीटरांवर आणि वीट ९.६ उंच, मग मेळ बसावा कसा? आता ती तीन मापे आठवा. एक वीट आणि दोन पट्ट्या मिळून १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन खुंट्या. दोन भोकांच्या विटांमध्ये दोन पट्ट्या घातल्या की उभी तुळई दोहोंतही नेमकी बसते. हे कळल्यानंतर आमचा सांगाडा पुन्हा कधी उकलला नाही.

मग चढणीची पाळी आली. मोटार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर बेताचा. आठ दात्यांच्या चक्राने चोवीस दात्यांचे चक्र फिरविले की वेग तिसरा हिस्सा होतो आणि जोर तिप्पट. असे दोनदा केले की नऊपट. आम्ही मोटारीजवळच दोनदा केले, आणि चढावर लागताच लांब दांडी दोरीसारखी पिळवटू लागली. सांधा फटकन निखळला. नऊपट जोर वाहून नेण्याचे काम आम्ही बिचाऱ्या प्लॅस्टिकच्या दांडीवर टाकले होते. ह्यावर उपाय उनिमोग नावाच्या जर्मन ट्रकात सापडतो. दुसरी तिप्पट तेथे चाकाच्या अगदी कुशीत, तुंब्यापाशी करतात. दांडीवर मग एक तृतीयांशच ताण येतो. शिवाय आठ आणि चोवीस दात्यांच्या चक्रांच्या केंद्रांत १६ मिलिमीटर अंतर पडत असल्याने आस चाकाच्या मध्यापेक्षा तेवढा वर उचलला जातो आणि दगड खालून निघून जातात. एका बदलात दोन लाभ! मागच्या आसाला हे साध्या तुकड्यांतून साधले. पुढची चाके वळतात, तेथे मात्र २०११ साली लेगोने काढलेल्या उनिमोगच्या संचातील खास तुकडे मिळवावे लागले. उंची वाढली ती सांगाडा तेवढाच खाली घेऊन भरून काढली.

डिफरन्शियल नावाचे यंत्र आम्ही मुद्दाम वगळले. सडकेवर वळताना बाहेरचे चाक जास्त धावते, आतले कमी. त्यांना तशी मोकळीक देणे हे त्याचे काम. पण एक चाक हवेत लटकले की हीच मोकळीक घातक ठरते. अधांतरी चाक गरगर फिरते आणि टेकलेले चाक स्वस्थ बसते. मुरमात घासत वळणे आम्हांला परवडणार होते, स्वस्थ बसणे परवडणार नव्हते.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. उंचसखल जागी चारही चाके टेकली पाहिजेत. चौरंग उखणलेल्या जमिनीवर ठेवला तर डुगडुगतो, तिपाई कधी डुगडुगत नाही. म्हणून मागचा आस पक्का ठेवला आणि पुढचा एका मधल्या खिळीवर झुलता केला. गाडी दिसायला चार पायांची, वागायला तीन पायांची झाली. चारही चाके जमिनीला चिकटून राहिली खरी, पण पाट उचलला तर ४२चे ३४ अंश झालेले! तिपाई डुगडुगत नाही, मात्र चौरंगापेक्षा लवकर कलंडते. मी म्हटले, “हा बदल काढून टाक.” नात म्हणाली, “चौतीस पुरेत. उलटण्यापेक्षा अडकण्याचीच वेळ जास्त येते.” ह्यावर मला उत्तर सुचले नाही. झुलण्याला दोन्ही बाजूंनी अडसर घातला आणि ३४ वर समाधान मानले.

हिवाळ्यात आम्ही मोरेन्याकडे गेलो तेव्हा गाडी बरोबर घेतली. एका घळीच्या तोंडाशी नात चालू लागली, गाडी हातातच. मी विचारले, “खाली सोडीत का नाहीस?” ती म्हणाली, “आधी बघून येते.” माझ्या वडिलांचा चालक नेमके असेच करी. गाडी थांबवून उतरे, काठीने माती टोचून पाही, आणि मग परत येऊन गिअर टाकी. हे मी तिला कधी सांगितले नव्हते.

गाडीने तीन चढ पार केले. चौथ्यावर बंद पडली. उलटली नाही, अडकलीही नाही. बीहडातील पिठासारखी धूळ दात्यांत शिरून चक्रे गच्च झाली होती. मुरमाच्या ढिगाने ही गोष्ट आम्हांला शिकविली नव्हती. आता चक्रांना झाकण करण्याचे काम चालू आहे, आणि झाकणाचे वजन कोठून वजा करावयाचे ह्यावर रोज वाद होतो.

परतताना मी छायाचित्र काढू लागलो, तेव्हा तिने आपणहून पिशवीतून ते जादा चाक काढून गाडीच्या पाठीला लावून दिले. छायाचित्र निघाल्यावर काढले आणि पुन्हा पिशवीत टाकले.