स्थानिक इतिहासाचे दर्शन : बेलापूरचा किल्ला

शाळेच्या सहलीत वा ग्रामप्रदर्शनात इतिहास मांडताना दोन दोष वारंवार घडतात. ऐकीव कथा सिद्ध गोष्टीप्रमाणे सांगितली जाते. आणि सरदार व लढाया यांच्या गर्दीत गावची माणसे दिसेनाशी होतात. हे दोष कसे टाळावेत, हे नवी मुंबईतील बेलापूरच्या किल्ल्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

पनवेलच्या खाडीच्या मुखाजवळ या किल्ल्याचे अवशेष आहेत. तेथे गेल्यावर मुलांना आधी पाहू द्यावे. बुरूज कोठे आहे, खाडी कोणत्या बाजूस आहे, याची नोंद त्यांनीच करावी. जलमार्गावर नजर ठेवण्यास ही जागा सोयीची होती, हे मग मुलेच सांगतील. त्यानंतर लेखी इतिहास सांगावा. सिद्दी व पोर्तुगीज यांच्यामागून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा किल्ला मराठ्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेला. लोककथा शेवटी सांगावी. किल्ला हाती आल्यास देवास बेलपत्रांची माळ वाहीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला व त्यावरून बेलापूर हे नाव पडले, असे सांगतात. ही कथा गाळू नये. मात्र ‘असे सांगतात’ हे शब्दही गाळू नयेत.

परंतु किल्ल्यापाशीच थांबल्यास इतिहास अपुरा राहील. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरविण्यात आल्या. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांचे जीवन त्यामुळे पालटले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हाही या भूमीचा इतिहासच होय, आणि तो पाहिलेली माणसे अद्याप गावोगाव आहेत.

म्हणून शिक्षकांनी मुलांकरवी घरच्या वृद्धांकडून जुन्या शेतांची, खाजणांची व मिठागरांची नावे विचारून घ्यावीत. ‘पाहिलेले’, ‘लिहिलेले’ व ‘ऐकलेले’ असे तीन रकाने आखून हा तक्ता शाळेच्या भिंतीवर लावावा व पालकांस दाखवावा. ढासळत्या बुरुजाची डागडुजी करता येते. शेताचे नाव ठाऊक असलेला शेवटचा माणूस गेला की ते नाव पुन्हा मिळत नाही.