पूल बंद, खाडी चालू

खाडीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला की नोटीस निघते ती गाड्यांसाठी. एसटी कुठून वळणार, ट्रक कधी सुटणार, सगळं त्यात असतं. त्याच पुलाखालून होड्या जातात, त्यांचं काय, हे त्या कागदावर शोधून सापडत नाही. आणि नेमकं तेव्हाच होडीचं काम वाढतं. सावित्री खाडीवरचा आंबेत-म्हाप्रळ पूल बंद झाला तेव्हा रायगड आणि रत्नागिरी दोन्हीकडच्या लोकांना फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. दुरुस्ती नको असं आपण म्हणत नाही. याच सावित्रीवरचा महाडचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, ते कोकणात कोण विसरेल?

आमच्या गटाची होडी पाहुण्यांना कांदळवन दाखवायला खाडीत वर नेते, बाजाराच्या दिवशी बायकांना टोपल्यांसकट आणते. वाटेत पूल. म्हणून आम्हाला दोन वेळापत्रकं सांभाळावी लागतात, एक माणसांचं आणि एक पाण्याचं. माणसांचं वेळापत्रक विनंती करून बदलता येतं, पाण्याचं नाही. म्हणून सुरुवात पाण्यापासून.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत तुमच्यापैकी अनेकींना सासऱ्यांकडून नाहीतर तांडेलाकडून ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास पाणी भरलेलं असतं. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बऱ्यापैकी जुळतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधी येते, आणि कुठल्याही खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा पोचते. आपल्या धक्क्यावर किती फरक पडतो हे पंधरा दिवस वहीत लिहिलं की कळतं. अष्टमी-नवमीला मात्र शाळेची सहल घेऊच नका. भरती सकाळ-संध्याकाळ सहा-साडेसहाला, भर दुपारी ओहोटी, आणि मुलं चिखलात.

आता उंची. पुलाच्या कामासाठी खाली परांची बांधतात, म्हणजे नेहमीपेक्षा कमी जागा उरते. पाणी चढलं की आणखी कमी. हे मोजायला आम्ही एक साधी युक्ती करतो. आपल्या धक्क्याला एक बांबू घट्ट रोवायचा, त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाचं कडं. मग काम बंद असताना, पाणी संथ असताना, एकदा होडी पुलाखाली न्यायची आणि परांचीपासून पाण्यापर्यंत गाठी मारलेली दोरी सोडून अंतर मोजायचं. त्याच मिनिटाला धक्क्यावरची मैत्रीण बांबूवर पाणी कुठल्या कड्याला आहे ते फोनवर सांगते. बस. पुढे पाणी एक कडं चढलं की पुलाखालची जागा दहा सेंटिमीटरनं घटली, असं घरबसल्या कळतं. धक्का पुलापासून फार लांब असेल तर बांबू पुलाजवळच्या काठावर रोवा. परांची हलवली की माप पुन्हा घ्यायचं. मुंबईच्या तक्त्यातली उंची मात्र आपल्या खाडीला लावू नका. मोठ्या उधाणाला तिथे आकडा साडेचार मीटरच्या वर जातो, दक्षिण कोकणात पाण्याची चढउतार त्याच्या निम्म्याच्या आसपास.

सहा तासांत पाणी सारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन, शेवटी एक. चढतानाही तसंच. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी पळतं, आणि तेव्हाच पुलाच्या खांबांमधून ओढ सगळ्यात जास्त असते. पाण्याबरोबर जाताना इंजिन कमी जळतं हे खरं, पण होडी आपलं ऐकत नाही. ऐनवेळी थांबवता येत नाही. परांचीच्या बांबूवर आडवी दाबली गेलेली होडी उलटायला वेळ लागत नाही. पाणी खरंच मंदावलं का, हे घड्याळावरून ठरवू नका. खांबाच्या अलीकडे नारळाची सोडणं टाका आणि बघा किती वेगानं जातात. पावसानंतर डोंगराचं पाणी खाली येत असेल, तर भरतीच्या वेळीही ती समुद्राकडेच जाताना दिसतील.

एक उदाहरण घेऊ. समजा पुलावर नऊ ते पाच काम चालतं, त्या वेळात खालून जायला बंदी, फक्त एक ते दोन जेवणाची सुट्टी. होडीचं छत पाण्यापासून एक मीटर साठ. लाटेसाठी आणि उठून उभं राहणाऱ्या पाहुण्यासाठी अर्धा मीटर जास्त धरायचा, म्हणजे दोन मीटर दहा हवेत. पौर्णिमेच्या भर भरतीला जागा दीड मीटरच आहे आणि एकूण उतार दोन मीटर चाळीस. एक वाटा वीस सेंटिमीटरचा. बाराची भरती, दोन तासांत तीन वाटे, साठ सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम दोन वाजता जागा होते, तेव्हा सुट्टी संपते आणि ओढ वाढायला लागते. पौर्णिमा सोडून द्यायची.

चतुर्थीला भरती तीनला, आणि उधाण ओसरल्यामुळे पाणीही कमी चढतं. समजा भर भरतीला जागा एक मीटर ऐंशी, उतारही एक मीटर ऐंशी, म्हणजे वाटा पंधराचा. एक वाजता भरतीला दोन तास बाकी, पाणी तीन वाटे खाली, जागा सव्वादोन मीटर. एक ते दीडमध्ये वर जायचं. पाचला काम थांबलं की तेवढंच पाणी उतरलेलं असतं, तेव्हा खाली यायचं. पंचमीला सगळं पाऊण तासानं पुढे सरकतं, परतीला पावणेसहा होतात, थंडीत तोवर दिवस मावळायला आलेला असतो. वर अडकलो तर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसायचं. सोबत पोरंबाळं, एखादी गरोदर बाई, कुठे बाजूला जायची सोय नाही.

कामाची माहिती मात्र जाऊनच आणावी लागते. मुकादमाला विचारायचं : कुठला गाळा उघडा, जड तुळई कधी उचलणार, तराफ्याच्या नांगराच्या तारा पाण्याखाली कुठवर गेल्यात. तारा दिसत नाहीत, पंख्यात अडकतात. आम्ही मुकादमाकडून दर सोमवारी आठवड्याचं काम कागदावर मागतो. प्रवासी नेण्याची परवानगी आणि माणसांची मर्यादा मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयातून ठरते, तेव्हा तिथेही कळवून ठेवा. मे अखेर ते ऑगस्ट अखेर तर फेऱ्या बंदच.

रस्ता बंद असला की बाजारादिवशी धक्क्यावर गर्दी होते, "आणखी दोघी घे गं" असा आग्रह होतो. मासळीची भरलेली टोपली अर्ध्या माणसाच्या वजनाची असते, ती मोजायचीच. लाइफ जॅकेटं जितकी, तितकीच माणसं. फेरी रद्द करायचा अधिकार आम्ही होडी चालवणारीला दिलाय, हिशेब ठेवणारीला नाही. बुकिंग घेतानाच पाहुण्यांना सांगतो की आदल्या संध्याकाळी सहाला पक्की वेळ कळेल, पूल किंवा पाणी आड आलं तर पैसे परत. काही कुरकुर करतात, बहुतेक समजून घेतात. फळ्यावर पुढच्या आठवड्याच्या तिथ्या आणि त्यापुढे पुलाची वेळ लिहिलेली असते. ज्या तिथीला दोन्ही जुळत नाहीत, तिथे आधीच फुली मारून ठेवतो.