बोकड सांभाळणारी पिढी

पनवेलमधली आमची नाटकाच्या तालमीची खोली या दिवाळीनंतर गेली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या जागांचे भाव चढत होते. जुनी इमारत पुनर्विकासात निघाली, आणि भाडं परवडेल अशी दुसरी खोली गावात मिळत नाही.

मागे वळून पाहिलं, तर आमची नव्वदच्या दशकातली वर्षं भराभर ओलांडता येतील. स्नेहसंमेलनं, पाठांतर, प्रेक्षकांकडे बघून फेकलेली वाक्यं. टाळ्या मिळायच्या, पण नट वाढायचा नाही.

तो वाढला २०१० नंतरच्या दशकात. शाळा-कॉलेज आणि नोकरी आटपून कामोठे, खारघर, उरणहून मुलं यायची. संहिता बाजूला ठेवून इम्प्रोव्हायझेशन चालायचं. एकदा एक मुलगी एसटीची कंडक्टर झाली. एक मुलगा काहीतरी उराशी धरून चढला. ती म्हणाली, "बोकडाचं अर्धं तिकीट पडेल!" त्याच्या मनात तान्हं बाळ होतं. क्षणात त्याने बाळ सोडलं आणि पाली येईपर्यंत बोकड सांभाळला. हा मुलगा पूर्वी समोरचा बोलत असताना स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभा राहायचा. त्या संध्याकाळनंतर तो समोरच्याच्या डोळ्यांत बघू लागला. पुढे एकांकिकेत सहकलाकार वाक्य विसरला, तेव्हा प्रवेश यानेच सावरला.

हे खेळ परदेशी म्हणून हिणवले गेले, त्याचा राग अजून आहे. शिकागोच्या व्हायोला स्पोलिन आणि 'इम्प्रो' हे पुस्तक १९७९ साली लिहिणारे कीथ जॉनस्टन यांच्याकडून आम्ही पुष्कळ घेतलं. पण जॉनस्टन मालक-नोकराच्या खेळातून कोण वरचढ, कोण दबलेला हे बदलायला शिकवायचे, ते आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या कधीपासून करत आला आहे. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये १९६५ पासून दादा कोंडके हवालदार करायचे. प्रयोगागणिक ते ताज्या घडामोडींवर नवं काही बोलायचे आणि समोरच्याला ते तिथल्या तिथे झेलावं लागायचं. तळकोकणातल्या दशावतारात तर संवाद लिहिलेलेच नसतात. कथानक आणि पात्रं ठरतात, बाकी सगळं रंगमंचावर घडतं. मुंबई-पनवेलकडच्या कितीतरी चाकरमान्यांनी लहानपणी जत्रेत हे रात्र-रात्र पाहिलं आहे. त्यांच्याच मुलांना आम्ही हे शिकवत होतो.

तरीही एका स्पर्धेत परीक्षकांनी आमच्या नटाचे गुण कापले, संहितेबाहेर बोलला म्हणून. समोरचा दिवा विझला होता आणि त्या मुलाने अंधार प्रसंगात ओढून घेतला होता. प्रेक्षक त्याच्यासोबत होते. तो निकाल चुकीचा होता, हे आजही म्हणतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळं थांबलं. परत आलेल्या मुलांच्या हातात फोन होता. आता तालमीआधीच पंच ठरलेला असतो, तो कॅमेऱ्यासाठी घोटला जातो आणि जोडीदार फक्त तो पंच यावा म्हणून उभा असतो. या मुलांत गुणवत्ता भरपूर आहे. पण दोन दिवसांत स्टेज डेअरिंग देणारी शिबिरं त्यांना न घाबरता बोलायला शिकवतात, ऐकायला नाही. आमच्या खोलीत नवखी मुलं आठवडेच्या आठवडे नुसती चुकायची, आणि त्या चुकांवर कोणी हसायचं नाही. प्रसंगावर सगळे हसायचे.

पनवेलचं फडके नाट्यगृह एकांकिका स्पर्धांनी गजबजतं, याचा आनंद आहे. स्पर्धा भरवणाऱ्यांना एकच विनंती. एक फेरी संहितेविना ठेवा. विषय चिठ्ठीतून द्या, जोडीदार तिथेच ठरवा, दहा मिनिटं द्या. आणि गुण देताना विनोद मोजू नका. कोण कोणाचं ऐकतोय, ते बघा.