लता नावाची एक नटी

इंदूरच्या शीख मोहल्ल्यात २८ सप्टेंबर १९२९ रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर आणि शेवंतीबाई यांना पहिली मुलगी झाली. तिचे नाव हेमा ठेवले होते. पुढे ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून ती लता झाली. राम गणेश गडकऱ्यांच्या या नाटकात लतिकेची भूमिका स्वतः दीनानाथ करीत. बापाने रंगवलेल्या स्त्रीभूमिकेचे नाव मुलीला मिळावे, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या त्या काळातच घडू शकत होती.

इंदूरकर लतादीदींवर हक्क सांगतात तो जन्मस्थानाचा. मला तो हक्क आणखी खोलवरचा वाटतो. होळकरांच्या या राजधानीत मराठी वस्ती मोठी होती, दरबाराला आणि सरदारांना संगीत नाटकाचे वेड होते, आणि नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यात बडोदे, ग्वाल्हेर यांच्या बरोबरीने इंदूरचे नाव असे. गावोगाव हिंडणाऱ्या, बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या त्या जगातच लता जन्मली. म्हणून तिच्या गाण्याकडे जाण्याआधी तिच्या नटीपणाची दहा वर्षे पाहिली पाहिजेत. चरित्रकार ती दोन परिच्छेदांत उरकतात, हे मला अन्यायाचे वाटते.

किर्लोस्कर मंडळी सोडून दीनानाथांनी १९१८ मध्ये सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली होती. लता साधारण नऊ वर्षांची असताना ‘सौभद्र’च्या एका प्रयोगाला नारदाचे काम करणारा नट आलाच नाही. नारद तर पहिल्याच अंकात हवा. दीनानाथ अर्जुन होते आणि काळजीत होते. मुलीने सांगितले की पदे मला येतात, मी उभी राहते. एवढ्याशा नारदासमोर अर्जुन कसा दिसेल, हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. पण ती रंगमंचावर गेली, आणि वडिलांना आधीच बजावल्याप्रमाणे तिने वन्स मोअर घेतला. हा प्रसंग लतादीदी मुलाखतींतून हौसेने सांगत. बाप लतिका होतो आणि लेक नारद होते, अशा घरात पात्र हे देहापेक्षा गळ्यातून अधिक उभे राहते, हे मुलीला कोणी शिकवावे लागले नसणार.

मग दिवस पालटले. बोलपट आधीच आला होता, मंडळी मोडली, आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. ते एक्केचाळीस वर्षांचे होते आणि लता बारा. घरात आई आणि धाकटी चार भावंडे. मंगेशकरांचे स्नेही, चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायक मदतीला आले. नवयुग चित्रपट कंपनीच्या ‘पहिली मंगळागौर’ (१९४२) मध्ये स्नेहप्रभा प्रधान नायिका होती. त्यात लताला छोटे काम आणि एक गाणे मिळाले. केशरेषा खाली आहे, भुवया जाड आहेत, म्हणून तिथे तिचे केस आणि भुवया कापल्या. घरी येऊन ती रडली. रंगमंचावर निधड्या छातीने उभी राहणारी मुलगी कॅमेऱ्यासमोर का आक्रसली, याचे उत्तर मला इथे सापडते. नाटकात तिला गाऊन नारद होता आले. चित्रपटाला आधी तिचा चेहरा बदलून हवा होता.

तरी तिने काम सोडले नाही. सोडून चालणारच नव्हते. विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ती मासिक पगारावर कोल्हापुरात राहिली. ‘माझे बाळ’, ‘गजाभाऊ’, नूरजहाँ नायिका असलेला ‘बडी माँ’ (१९४५), ‘जीवनयात्रा’ ही त्या काळातली कामे. त्याच काळातला ‘सुभद्रा’ (१९४६) मला विशेष वाटतो. बालपणी ‘सौभद्र’चा नारद झालेली मुलगी त्याच कथेच्या बोलपटात शांता आपट्यांबरोबर काम करते आणि त्यांच्याच जोडीने गाते. शांताबाई पडद्यावर स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्या पिढीच्या अग्रणी. ती पिढी मावळत होती आणि नट एक, गळा दुसऱ्याचा, ही रीत रूढ होत होती. १९ ऑगस्ट १९४७ ला विनायकही गेले. त्यांचा ‘मंदिर’ १९४८ मध्ये आला, आणि लताच्या नोकरीतल्या अभिनयाचा काळ तिथे संपला.

पार्श्वगायनाने तिची सुटका केली, असे सगळे म्हणतात आणि ते खरेही आहे. परंतु नटी सुटली नाही. ‘महल’ (१९४९) मधल्या तिच्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचे. पार्श्वगायकांना श्रेय न देण्याची ती प्रथा अन्यायाचीच. लतादीदी पुढे गायकांच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या, ते योग्यच झाले. पण त्या छापील नावात दीनानाथांच्या मंडळीचा वारसाही मला दिसतो. चेहऱ्याशिवाय, भुवया न कापता, तिने पात्र उभे केले होते. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे ऐकू द्यायचा, कुमारिकेचे हसू आणि आईचे समजावणे यांत स्वर किती बदलायचा, ही जाण नाटकवाल्याच्या लेकीची आहे.

मध्य प्रदेश सरकारने १९८४ मध्ये लता मंगेशकर सन्मान सुरू केला आणि पहिला मान नौशाद यांना मिळाला. इंदूरला त्याचे समारंभ होतात, गाणी होतात. मराठी नाटक आजही तिकीट काढून पाहणाऱ्या या शहराने त्यांतली एक संध्याकाळ ‘सौभद्र’ला द्यावी, आणि नारदाचे काम एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीकडे सोपवावे.